कुशीवर

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोपता कशा?
मी म्हटलं, दमून.

त्या हसल्या नाहीत. कागद ओढून घेतला,
एक बाई काढली आडवी, तोंड नसलेली,
गुडघे दुमडलेली, गुडघ्यांच्या मध्ये उशी.
अशा, म्हणाल्या.

कोपऱ्यात खुंटीला टांगला होता
माणसाचा कणा, प्लास्टिकचा.
बाई एकेक मणका चिमटीत धरून हलवायच्या
आणि मला दिसायचा ब्रँचमधला चेकर,
जुडीतली विडी दाबून, वास घेऊन
छाट बाजूला टाकणारा.
विचारलं, माझ्यातले किती छाटात गेले?
दोन, खालचे. पण फेकायचे नाहीत, राजमणी,
सांभाळायचे.

अशोक चौकातून नीलमनगरपर्यंत चालत आले,
रिक्षाचे वीस रुपये वाचवून, सगळं पाठ करत:
पालथं पडायचं नाही.
उशी खांद्याएवढी, त्याहून उंच नाही.
उठताना आधी कुशीवर, पाय खाली,
मग हातानं रेटून, झटका न देता.
अर्ध्या तासाला सूप खाली ठेवून उभं राहायचं.
आणि झोप, सात तास.
यावर मात्र मीच हसले, कन्ना चौकाच्या पुढं कुठंतरी,
एकटीच, रस्त्यात.

पाणी चौथ्या दिवशी येतं, रात्री अडीचला.
खोली एक, माणसं पाच, उशा तीन.
कुशीवर तर आम्ही निजतोच,
उताणं निजायला जागा कुठाय?
एक वळला की पाचही वळतात.

चौथी उशी मल्लेशमच्या चुकीची केली.
मागावर त्याचा डोळा लागला, धागा तुटला,
चादरीतला मोर एका पायाचा झाला.
मालकानं पगारातून कापून ती आमच्याच गळ्यात मारली.
चार घड्या घालून गुडघ्यांत धरली.
टोचते थोडी. सोलापूरची चादर, टोचणारच.
पण कंबरेतली ती कळ
एरवी टाचेपर्यंत उतरायची,
त्या रात्री मांडीशी येऊन
उंबऱ्यावर थांबल्यासारखी थांबली.

तेव्हा अम्मा आठवली.
चाळीस वर्षं सुपावर वाकलेली,
गेली तेव्हाही तशीच.
चौघांनी दाबून बघितलं, पाठ सरळ होईना.
कुणीतरी म्हणालं, राहू दे, दुखेल तिला.
मेलेल्या बाईला दुखेल म्हणाला,
आणि कुणीच त्याला काही म्हटलं नाही.
कुशीवरच नेली.
मला इतकी वर्षं त्याची लाज वाटायची.
आता कागदातली बाई बघते,
तोंड नसलेली,
आणि वाटतं, बरोबर निजली होती की अम्मा.
फक्त गुडघ्यांत काही द्यायचं राहिलं.

दिवसा अर्ध्या तासाला उठते.
दारापर्यंत जाते, परत येते.
पहिल्या दिवशी समोरची अंबव्वा म्हणाली,
कुठं चाललाव ओ मणीअक्का, सारखं सारखं?
म्हटलं, कुठं नाही. उभी राहायला.
हजारात ऐंशी विड्या कमी पडल्या त्या दिवशी.
हे बाईंना सांगितलं नाही.
परवा बघितलं तर अंबव्वाही
कात्री हातात घेऊन उंबऱ्यात उभी,
उगाच आभाळाकडं बघत.

काल रात्री नळ सुसाटला.
झटक्यात उठणार होते, आठवलं.
वळले, पाय सोडले, हात रेटला.
तेवढ्या वेळात शेजारणीची घागर आधी लागली.
लागू दे.
भरून आले तर मल्लेशम पाळीवरून येऊन
माझ्या जागेवर पालथा पडलेला,
चपलांसकट.
खांद्याला धरून वळवला त्याला.
तो झोपेतच बडबडला, ताणा बघ, ताणा.
बघते, म्हटलं,
आणि लंगडा मोर त्याच्या गुडघ्यांत सरकवला.

मग माझ्यासाठी काही उरलं नाही,
तर पाण्याचा रिकामा कॅन उशाला घेऊन
भिंतीला पाठ लावून बसले उजाडेपर्यंत.
याबद्दल कागदावर काहीच लिहिलेलं नाही.